न बदलता बदलणारे



प्राचीन ग्रीकांचा संबंधविचार हा विषय परिषदेने निवडला, याचा मला फार आनंद आहे. द्रव्य आणि गुण यांवर आपल्या वर्गांत तासन्‌तास बोलले जाते. संबंध बहुधा शेवटच्या पाच मिनिटांत उरकला जातो.

प्लेटोच्या ‘थीएटीटस’ संवादात सहा फासे आहेत. चारांशेजारी ठेवले तर ते जास्त, बारांशेजारी ठेवले तर कमी. फासे तेच, सहाच. मग जास्तीचे कमी झाले ते कशाने? ‘फीडो’मध्ये सिमियासचेही तसेच आहे: सॉक्रेटिसहून उंच, फीडोहून ठेंगणा.

अ‍ॅरिस्टॉटलने दहा पदार्थांमध्ये संबंधाला स्वतंत्र स्थान दिले. ‘कॅटेगरीज’च्या सातव्या प्रकरणात दुप्पट-निमपट, धनी-दास अशा जोड्या येतात, दास नसेल तर धनीही नाही. मात्र ज्ञान आणि ज्ञेय यांपाशी तो थांबतो, कारण ज्ञेय आधीपासून असू शकते आणि ज्ञान मागाहून येते. पुढे ‘मेटाफिजिक्स’च्या अखेरच्या भागात त्याचा निवाडा कठोर आहे. दुसरी वस्तू वाढली की पहिली स्वतः न बदलता लहान ठरते. म्हणून संबंधाची सत्ता सर्वांत क्षीण.

हा निवाडा मला पुरेसा वाटत नाही. स्टोइकांनी नेमक्या याच ठिकाणी अधिक बारकाईने पाहिले. सहाव्या शतकातील भाष्यकार सिंप्लिशियसने त्यांचे म्हणणे जपून ठेवले आहे. गोड पदार्थ कडू व्हायचा तर त्याच्या आत काहीतरी बदलावे लागते. पण मुलगा वारला की बाप हा बाप राहत नाही आणि शेजारचा उठून गेला की उजवीकडे बसलेला ‘उजवीकडचा’ उरत नाही; त्यांच्या स्वतःत काही न बदलता. केवळ दुसऱ्यावर अवलंबून असलेल्या या अवस्थेला स्टोइकांनी वेगळा वर्ग दिला. संबंध दुबळा म्हणून बाजूला सारण्यापेक्षा त्याची जात ओळखणे, हे मला मोठे पाऊल वाटते.

अ‍ॅरिस्टॉटलवर येथे बरेच निबंध वाचले जातील, ते योग्यच आहे. स्टोइकांनाही चर्चेत पुरेसा वेळ द्यावा, अशी आग्रहाची विनंती करतो आणि अध्यक्षांनी परिषदेची सूत्रे स्वीकारावीत, असे नम्रपणे सुचवतो.