चोर कोणाला म्हणावे?

(केदारखेडा, ता. भोकरदन, जि. जालना येथील व्याख्यान)



मराठी भाषेत चोराला नावांची वाण नाही. घर फोडतो तो घरफोड्या, वाट अडवतो तो वाटमाऱ्या, खिसा कापतो तो खिसेकापू, नजर चुकवून वस्तू उचलतो तो उचल्या. शिवाय भुरटा, भामटा, ठग, लुटारू, दरोडेखोर आहेतच. याच भाषेत शब्दांची दुसरी एक यादी आहे : अपहार, अफरातफर, गैरव्यवहार, अनियमितता. पहिल्या यादीतील प्रत्येक शब्द माणसाला चिकटतो. दुसऱ्या यादीतील शब्द घटनेला. चोर धरला जातो, अपहार मात्र ‘झालेला आढळतो’. ‘घोटाळेबाज’ हा शब्द वर्तमानपत्रांच्या मथळ्यांत येतो हे खरे. परंतु त्या नावाने कोणाच्या दारी मध्यरात्री शिपाई जात नाही. भाषेतील हा भेद केवळ शब्दांचा नाही. समाज कोणाकडे संशयाने पाहतो, याचा तो हिशेब आहे.

हा हिशेब फार जुना आहे. ऋग्वेदात चोराला स्तेन, तस्कर आणि तायु असे शब्द आहेत. त्यांतील तायु इराणच्या अवेस्तातही सापडतो. उंदराला संस्कृतात मूषक म्हणतात ते ‘मुष्’ म्हणजे चोरणे या धातूवरून. लपून नेणे ही कल्पना या शब्दांभोवती पहिल्यापासून आहे. कायदेकारांनी तिचेच नियम केले. मनुस्मृतीने मालकादेखत बळाने घेणे ते साहस आणि त्याच्या अपरोक्ष घेणे ते स्तेय, असा भेद केला व साहस करणाऱ्याला चोरापेक्षा अधिक पापी ठरवले. ज्यूंच्या धर्मशास्त्रात गुपचूप नेणारा तो गनाव आणि उघड हिसकावणारा तो गझलान. तेथे निकाल मात्र उलटा : गनावाने दुप्पट भरावे, गझलानाने घेतले तेवढे परत करावे. कारण असे दिले गेले, की लपणारा चोर माणसांना भितो, देवाला भीत नाही. रोमन कायद्यात मुद्देमालासह सापडलेल्या चोराला चौपट, एरवी दुप्पट दंड असे. इस्लामी कायद्याने ‘सरिका’, म्हणजे बंदोबस्तातील वस्तू चोरून नेणे, यास हात तोडण्याची शिक्षा सांगितली. ‘गसब’, म्हणजे दुसऱ्याची मालमत्ता उघडपणे बळकावणे, यास ती लावली नाही.

थोडक्यात, अंधारात येणाऱ्या चोराची व्याख्या सर्वत्र काटेकोर झाली. दिवसाढवळ्या, गादीवर बसून चोरणाऱ्याचे काय? येथे प्राचीन भारतीय ग्रंथ एक लक्षणीय गोष्ट सांगतात. कौटिल्याने व्यापारी, कारागीर इत्यादींतील फसवणाऱ्यांना ‘चोर असून चोर हे नाव नसलेले’ अशा वर्गात घातले आणि सरकारी द्रव्य खाण्याचे चाळीस प्रकार मोजून दाखवले. मनूनेही चोरांचे प्रकाश आणि अप्रकाश असे दोन वर्ग करून व्यापारातील ठकबाज व लाच खाणारे यांना पहिल्यात बसवले. डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला जी मनुस्मृती जाळली गेली, तीच ही. ती जाळली गेली ते योग्यच झाले. ब्राह्मणाला देहदंडातून सूट देणाऱ्या ग्रंथाला न्यायाचा ग्रंथ म्हणता येत नाही. तथापि चोरीचा दोष शूद्राला आठपट तर जाणत्या ब्राह्मणाला चौसष्टपट व त्याहूनही अधिक, आणि चोरीस गेलेला माल राजाने परत मिळवून द्यावा, ही दोन सूत्रेही त्याच ग्रंथात आहेत. ग्रंथाचा अभिमान मिरवणाऱ्यांना नेमकी हीच सूत्रे आठवत नाहीत.

महाराष्ट्रातील खेड्यांत हे दायित्व गावाने उचलले होते. चोरी झाली की रामोशी किंवा जागल्या चोराचा माग काढी. माग शेजारच्या गावाच्या शिवेपर्यंत पोचवला की जबाबदारी त्या गावावर जाई. माग न लागल्यास भरपाईचा बोजा राखणदारावर व गावावर येई. एल्फिन्स्टनने १८१९ च्या अहवालात या व्यवस्थेची नोंद केली आहे. पुढे १८७१ साली इंग्रजांनी गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि १९११ साली त्याची व्याप्ती सर्व प्रांतांपर्यंत वाढवली. नोंदणी, हजेरी, गाव सोडण्यास परवाना! चोरी सिद्ध होण्यापूर्वी जन्मच पुरावा ठरला. यातील विपर्यास असा, की गावाची राखण करणारा रामोशीही या जमातींत मोजला गेला.

३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा रद्द झाला. शब्द रद्द झाले नाहीत. महाराष्ट्राच्या विमुक्त जातींच्या यादीत १४ जमाती आहेत, त्यांत ‘भामटा’ हे एक नाव आहे. म्हणजे ज्या शब्दाचा बोलीतील अर्थ लबाड, तोच शब्द मुलाच्या दाखल्यावर जात म्हणून लिहिला जातो. लक्ष्मण गायकवाड यांनी १९८७ साली आपल्या आत्मकथनाला ‘उचल्या’ हे नाव दिले, तेव्हा समाजाने मारलेला शिक्का त्यांनी समाजापुढेच धरला. आणि ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाला तुरुंगांतील जातिभेदाविरुद्ध निकाल देताना, विमुक्तांना मनमानीपणे अटक होऊ नये असे बजावावे लागले. कायदा मेल्यानंतर ७२ वर्षांनी!

आता प्रचलित कायदा पाहावा. १८६० च्या दंडसंहितेने चोरी फक्त जंगम वस्तूची मानली. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही तेच आहे. शेतातली कणसे नेली तर चोरी. शेतच गिळले तर त्यास ‘चोरी’ हा शब्द लागत नाही, अतिक्रमण किंवा बनावट दस्तऐवज अशी अन्य कलमे शोधावी लागतात. मोठ्या चोरीला कायद्यात शिक्षाच नाही, असे मात्र नव्हे. साध्या चोरीला तीन वर्षांपर्यंत कैद असताना लोकसेवकाने केलेल्या विश्वासघाताला जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे. उणीव पुस्तकात कमी आणि व्यवहारात अधिक आहे. उचल्यावर संशय चोरीपूर्वीच येतो. अपहार लेखापरीक्षणात दिसल्यावरही ‘कथित’च राहतो.

अर्थव्यवहारातही हीच तऱ्हा. शेतकऱ्याचे कर्ज थकले की तो थकबाकीदार, आणि त्याचे नाव सोसायटीच्या फळ्यावर. कारखानदाराचे थकले की बातमीत ती ‘अनुत्पादित मालमत्ता’. एकीकडे माणूस बुडतो, दुसरीकडे केवळ आकडा. कापूस किंवा मका विकताना काटा मारला गेला, कडता कापला गेला, तर त्यास ‘बाजाराची रीत’ म्हणतात. कौटिल्याने तिला रीत म्हटले नव्हते.

तेव्हा ग्रामसभेत हिशेब वाचला जात असताना ‘इतक्या रकमेचा अपहार झाला’ असे वाक्य आले, तर ते अपुरे समजावे आणि त्या क्रियापदाचा कर्ता कोण, हे विचारावे. त्याच गावाच्या कडेला पारध्याचे पाल पडले, तर त्याला चोर म्हणण्यापूर्वी त्याने काय चोरले, हेही विचारावे. हे दोन प्रश्न एकाच सभेत विचारले गेले पाहिजेत.