नखाने ओरखडला जाणारा दगड

भिलाईच्या सेक्टर 10 मधून बोलतोय. हल्ली बऱ्याच घरांत रेशमासारखा चमकणारा एक पांढरा दगड दिसतो. दुकानात त्याला ‘सेलेनाइट’ म्हणतात. बहुधा तो सॅटिन स्पार, म्हणजे तंतुमय जिप्सम असतो. खडकाच्या भेगेत तंतू शेजारी-शेजारी वाढतात, म्हणून ती चमक. नखाने ओरखडून बघा, चरा उठतो.

तो पाण्यात ठेवून ते पाणी औषध म्हणून पिणारे आहेत. अहो, लिटरभर पाण्यात दोनेक ग्रॅम दगडच विरघळतो! गुडघा दुखतोय ना? मग डॉक्टरांना दाखवा.

खरी करामत त्याच्या पोटातल्या पाण्याची. वजनाचा पाचवा हिस्सा पाणीच. दीडशे अंशांच्या आसपास भाजला की त्यातलं पाऊण पाणी उडतं आणि उरतं प्लास्टर ऑफ पॅरिस. पाणी घातलं की पुन्हा जिप्सम, घट्ट! 1851 मध्ये मॅथायसेन या डच लष्करी सर्जनने ते बँडेजमध्ये भरलं. आम्हा फौजींवर त्याचे मोठे उपकार.

आणि जवळच, जामुलच्या सिमेंटमध्ये स्लॅगबरोबर थोडं जिप्सम दळतात. ते नसेल तर गवंड्याच्या थापीवरच सिमेंट आवळायला लागेल.