बंदूक आणि राज्याची सीमा

हिवाळ्याच्या तोंडावर अमेरिकेंतील लक्षावधि लोक हरणाच्या शिकारीस निघतात. मोटारींत तंबू, लोकरी कपडे, शिधा आणि बंदूक असा त्यांचा सरंजाम असतो. पहिल्या तीन वस्तु पन्नास राज्यांत कोठेंहि नेल्या तरी कोणी हटकीत नाहीं. चौथीची गोष्ट निराळी आहे.

शस्त्र बाळगण्याचा हक्क त्या देशाच्या घटनेंत १७९१ सालीं नमूद झाला; तरी तो कसा बजावावा याचे नियम बहुतांशीं प्रत्येक राज्य स्वतः करतें. व्हरमाँट राज्यानें शस्त्र जवळ बाळगण्यास परवान्याची अट कधींच घातलेली नाहीं. शेजारच्या न्यूयॉर्क राज्यांत शिरून न्यूयॉर्क शहर गांठावें, तों तेथें शिकारीची रायफलसुद्धां परवान्यावांचून ठेवतां येत नाहीं. काल रात्रीं कायदा पाळणारा नागरिक म्हणून झोपीं गेलेला मनुष्य आज केवळ मोटार हांकून गुन्हेगार ठरूं शकतो.

ही अडचण दूर करण्यासाठीं मध्यवर्ती विधिमंडळानें १९८६ सालीं कायदा केला. जेथून निघावयाचें व जेथें पोंचावयाचें, अशा दोन्ही ठिकाणीं शस्त्र बाळगणें प्रवाशास कायदेशीर असेल, तर मधल्या राज्यांनीं त्यास अडवूं नये, असा त्याचा आशय आहे. मात्र बंदूक रिकामी असावी, आणि ती व काडतुसें बैठकीवरून हातीं लागूं नयेत. मोटारीस सामानाचा स्वतंत्र कप्पा नसेल, तर दोन्ही कुलपाच्या पेटींत ठेवावीं. चालकासमोरील लहान खण त्यासाठीं चालत नाहीं.

हें संरक्षण किती अरुंद आहे, तें २००५ सालच्या एका प्रकरणानें दिसून आलें. यूटा राज्यांतील एक प्रवासी विमानानें पेनसिल्व्हेनियाकडे जात होता. तो शिकारीस निघाला नव्हता. परंतु त्याच्या सामानांत कुलूपबंद पिस्तूल होतें. न्यू जर्सींतील न्यूअर्क येथें पुढील वाहन चुकलें, सामान त्याच्या स्वाधीन झालें, आणि रात्र हॉटेलांत काढावी लागली. दुसऱ्या दिवशीं विमानतळावर त्यानें नियमानुसार आपण होऊन पिस्तुलाची वर्दी दिली, आणि त्यास अटक झाली. पुढें आरोप काढून घेण्यांत आले; पण त्यानें भरपाईसाठीं लावलेला दावा २०१० सालीं केंद्रीय अपील न्यायालयांतहि टिकला नाहीं. ही अडचण त्याच्या दोषानें ओढवली नव्हती, हें न्यायाधीशांनीं मान्य केलें. तथापि हॉटेलांत पेटी त्याच्या हाताशीं होती. सबब कायद्याचें छत्र त्या रात्रीपुरतें उरलें नव्हतें, असा निर्णय झाला.

म्हणून जाणता शिकारी मार्ग आंखतांना मैलांबरोबर सीमाहि मोजतो, आणि कडक नियमांच्या राज्यांत मुक्काम टाळतो. विमानानें जातांना रिकामी बंदूक कठीण कवचाच्या कुलूपबंद पेटींत घालून कंपनीस कळवितो, व जमा करावयाच्या सामानांत देतो. शिकारीचा परवानाहि त्या त्या राज्याचा निराळा काढावा लागतो.

परततांना सीमा पुन्हा आडवी येते. बेकायदा मारलेली शिकार दुसऱ्या राज्यांत नेणें हा १९०० सालच्या लेसी कायद्यानें केंद्रीय गुन्हा आहे. शिवाय कोलोराडोंत १९६७ सालीं प्रथम आढळलेल्या, हरणांचा मेंदू पोखरणाऱ्या असाध्य रोगामुळें पुष्कळ राज्यें मेंदू व कण्यासह अखंड हरीण आंत येऊं देत नाहींत. हाडें काढलेलें मांस चालतें.

एका राज्यानें दिलेला छुपें पिस्तूल बाळगण्याचा परवाना इतरांनीं मानावा, असें विधेयक प्रतिनिधिगृहानें २०१७ सालीं संमत केलें. पण तें कायदा झालें नाहीं. आपल्या वस्तींत कोणतें शस्त्र यावें हें ठरविण्याचा अधिकार न्यू जर्सीकरांस हवा आहे, आणि निरपराध वाटसरूस भयमुक्त वाट हवी आहे. दोन्ही मागण्या वाजवी आहेत. त्यांचा मेळ बसेपर्यंत निघण्यापूर्वीं वाटेवरील प्रत्येक राज्याचा कायदा वाचणें, हाच शिकाऱ्यास खरा आधार.