बेट्टीची सही



'जस्सी जैसी कोई नहीं' ही मालिका तुमच्यापैकी पुष्कळजणींनी पाहिली असेल. २००३ ते २००६ या काळात ती सोनी वाहिनीवर लागायची. जाड काचांचा चष्मा, दातांना तारा, अंगात ढगळ कपडे अशी ती जस्सी, म्हणजे मोना सिंग, आणि फॅशन कंपनीतला तिचा देखणा साहेब अरमान. या दोघांचं कसं जमणार, म्हणून घराघरांत रोज रात्री टीव्हीसमोर बैठक बसायची. पण या जस्सीची थोरली बहीण दूर दक्षिण अमेरिकेतल्या कोलंबिया देशात आहे. आज तिची गोष्ट सांगते. गोष्ट प्रेमाची आहे, पण मला बोलायचंय ते त्या गोष्टीतल्या एका सहीबद्दल.

त्या मूळ मालिकेचं नाव 'यो सोय बेट्टी, ला फेआ', म्हणजे 'मी बेट्टी, ती कुरूप'. फर्नांदो गायतान या लेखकाने ती लिहिली. २५ ऑक्टोबर १९९९ रोजी ती सुरू झाली आणि मे २००१ मध्ये संपली. आना मारिया ओरोस्को या अभिनेत्रीने बेट्टीचं काम केलं. पुढे भारत, जर्मनी, रशिया, मेक्सिको, अमेरिका, चीन अशा कितीतरी देशांनी आपापली बेट्टी उभी केली. 

बेट्टी राहते बोगोटा शहरात, साध्या घरात. वडील हिशेबनीस, कडक शिस्तीचे. ही अर्थशास्त्र शिकलेली, आकडेमोडीत तरबेज. पण रूप पाहून कुणी कामावर ठेवत नाही. शेवटी ती फोटो न लावताच अर्ज पाठवते आणि एकोमोदा नावाच्या कपड्यांच्या कंपनीत सेक्रेटरी म्हणून लागते. शिक्षणाच्या मानाने काम कितीतरी खालचं. बसायला जागा कुठे, तर साहेबांच्या खोलीमागची अंधारी, अडगळीची कोठडी. तिथे बसून ही पोरगी सगळ्या कंपनीचा हिशेब सांभाळते.

कंपनीत तिला मैत्रिणी मिळतात. एकीचा नवरा तरुण बाईमागे गेलेला, मुलांचा खर्चही धड देत नाही. एक एकटीने मुलाला वाढवणारी. एक सतत वजनाची चिंता करणारी आणि तरी खाणारी. एक वयस्क शिवणकाम करणारी. साहेब लोक त्यांच्या रूपाला हसतात, तर या बायका स्वतःच आपल्या टोळीला कुरूपांची छावणी म्हणतात! डबा खाताना एकमेकींचं दुःख हलकं करतात. मला तर वाटतं, निम्मी मालिका या बायकांनीच तोलून धरलीय.

आता साहेबांकडे वळू. आर्मान्दो मेन्दोसा, कंपनीचा नवा अध्यक्ष. घरंदाज, देखणा, मार्सेला नावाच्या भागधारक मुलीशी लग्न ठरलेलं. अध्यक्षपद मिळावं म्हणून याने संचालकांना मोठमोठी स्वप्नं दाखवलेली. ती पुरी करायला खर्च कापला, हलकं कापड घेतलं, माल खपेना, कर्ज वाढलं. संचालकांना खरं सांगायची हिंमत नाही. मग खोटा ताळेबंद बनवायचा कुणी? बेट्टीने. तिला चूक कळत होती. पण आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी तिच्या बुद्धीवर विश्वास टाकला होता, आणि त्या माणसावर तिचा जीव जडला होता. 

पुढे तर कमाल झाली. बँकांनी जप्ती आणली तर कंपनी वाचावी म्हणून आर्मान्दोने बेट्टीच्या नावावर तेरामोदा नावाची दुसरी कंपनी काढली आणि एकोमोदा तिच्याकडे अडकवून ठेवली. म्हणजे कागदावर धनको कोण, तर कोठडीत बसणारी सेक्रेटरी! बेट्टीने विश्वासाने सही केली. नाव बाईचं आणि कारभार पुरुषाचा. हे ऐकून आपल्याकडची काही घरं, काही दुकानं डोळ्यांसमोर येतात ना?

आणि इथून ते प्रेमप्रकरण सुरू होतं. बेट्टीचा निकोलास नावाचा मित्र तेरामोदाचं काम बघत असतो. ती त्याच्या प्रेमात पडली आणि दोघांनी कंपनी गिळली तर, अशी भीती साहेबांना वाटू लागते. मग आर्मान्दोचा मित्र मारिओ सल्ला देतो, की तूच तिला प्रेमात पाड. भेटवस्तू आणि गोडगोड चिठ्ठ्या, सगळं मारिओ तयार करतो. बेट्टीला ज्यासाठी रात्र रात्र झोप लागत नाही, ते साहेबांच्या लेखी कंपनी वाचवण्याचं काम असतं. 

एके दिवशी मारिओने लिहिलेल्या सूचनांचं पत्रच तिच्या हाती पडतं. तिला काय झालं असेल, हे सांगायला नको. पण लक्षात घ्या, तोवर आर्मान्दो खरोखरच तिच्यात गुंतत चालला होता. चष्मा होता, दातांना तारा होत्या, ढगळ कपडे होते, तेव्हाच. बदललेली बेट्टी पाहून तो भाळला, असं म्हणणाऱ्यांनी मालिका अर्धीच पाहिली. 

संचालकांच्या बैठकीत बेट्टी कंपनीची खरी स्थिती मांडते. आपला त्यात असलेला हातही कबूल करते. मग राजीनामा देऊन समुद्रकाठच्या कार्ताहेना शहरी निघून जाते. तिथे सौंदर्यस्पर्धेच्या कामात कातालिना नावाच्या जाणत्या बाईच्या हाताखाली राहून तिचे केस बदलतात, कपडे बदलतात. मालिका लोकांच्या ध्यानात राहिली ती या बदलामुळे. मला मात्र इथे थोडं खटकतं. तिला देखणी केल्याशिवाय मालिकेलाही राहवलं नाही, हे खरंच. 

पण तिला परत कोण आणतं? नवे कपडे नाही आणत, ती सही आणते. कायद्याने कंपनीची दोरी तिच्या हातात होती, त्यामुळे कंपनी सोडवायची तर तिच्याशिवाय मार्ग नव्हता. ज्या सहीने तिला प्याद्यासारखं वापरलं, तीच सही तिला अध्यक्षाच्या खुर्चीत बसवते. आणि ती काय करते? मनात आणलं असतं तर सगळ्यांना रस्त्यावर आणता आलं असतं. ती तसं करत नाही. कंपनी सावरायच्या कामाला लागते, आणि सामान्य बांध्याच्या बायकांना शोभतील असे कपडे काढायचं ठरवते. आर्मान्दो दारात ताटकळत राहतो. त्याचं प्रेम खरं आहे हे शेवटी मार्सेला, त्याची मोडलेली वाग्दत्त वधू, स्वतः येऊन सांगते, तेव्हा कुठे बेट्टीचा विश्वास बसतो. 

तिने त्याला माफ करायला हवं होतं का? यावर आपल्यात दोन तट पडतील, पडू देत. माझं म्हणणं एवढंच, की तिने आधी हिशेब चुकता केला आणि मग मन दिलं. तिला लग्न हा आसरा म्हणून नको होता. 

म्हणून मैत्रिणींनो, या गोष्टीतून एक गाठ पदराला बांधा. बँकेच्या कागदावर जामीनदार म्हणून सही केलीत, तर तुमची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. आपल्या १८७२ च्या करार कायद्यातच तसं आहे. दुकानात नावापुरती भागीदार झालात, तरी देणेकऱ्यांच्या लेखी तुम्ही पुरत्या भागीदार. तेव्हा सही मागणारा नवरा असो, भाऊ असो, साहेब असो, 'तू फक्त इथे सही कर' असं कुणी म्हणालं, की शांतपणे म्हणा, 'आधी वाचते.' वाचून कळलं नाही तर दुसऱ्याकडून समजून घ्या. त्यात अविश्वास नाही. जो खरा आपला आहे, तो तेवढा वेळ थांबतो.

आणि जिथे तुमचं नाव आधीच लागलंय, घरावर, शेतावर, बचत गटाच्या खात्यावर, तिथला कागद एकदा काढून बघा. तुमच्या नावात किती ताकद आहे, हे कदाचित तुम्हालाच ठाऊक नसेल. बेट्टीलाही बरेच दिवस ठाऊक नव्हतं.