आधी निरीक्षण, मग अनुमान



डॉक्टर बोलून झाले, इंजिनिअर बोलून झाले, आता गॅरेजवाला बोलणार आहे. घाबरू नका, दहा मिनिटांत संपवतो. दहावीला विज्ञानात मला ४१ गुण होते, त्यामुळे माझ्याकडून फार अपेक्षाही ठेवू नका.

विज्ञानाच्या सरांना कदाचित आठवत असेल, मी प्रयोगवहीत अनुमान आधी लिहायचो. शेजारच्याच्या वहीतून अनुमान उतरवायचं आणि मग त्याला जुळेल असं निरीक्षण लिहायचं. सरांनी एकदा पानभर लाल शाईची काट मारली आणि खाली लिहिलं, ‘आधी बघ, मग लिही.’ तेव्हा राग आला होता. त्या काटेचा अर्थ मला गॅरेज काढल्यावर आठव्या वर्षी कळला, आणि तोही दुसऱ्याच्या पैशानं.

एक वडापवाला जुनी डिझेल जीप घेऊन आला. म्हणाला, “सपाटीला काटा निम्म्यावर असतो, कुंभार्ली घाट चढायला लागलो की वर जातो.” मी बॉनेटसुद्धा न उघडता सांगितलं, “रेडिएटर चोक झालाय.” तो पुढं काहीतरी सांगत होता. सकाळी गाडी गार असताना झाकण काढलं तरी फुस्स आवाज येतो, असं काहीसं. मी म्हटलं, “होतं तसं जुन्या गाडीला.” रेडिएटर साफ करून बसवला, थर्मोस्टॅट काढून फेकून दिला आणि पैसे घेतले.

तिसऱ्या दिवशी घाटात काटा चढला आणि मग आपोआप खाली आला. त्याला वाटलं, गाडी निवली. तो चालवत राहिला. खरं तर पाणी संपलं होतं. काट्याचा सेन्सर पाण्यात बुडालेला असेल तरच खरं सांगतो; कोरडा पडला की खोटं बोलतो. हेडला तडा गेला, इंजिन जाम झालं. गाडीत अकरा माणसं होती. सगळी सुखरूप उतरली, हे नशीब. पण त्या माणसाचं वडाप दीड महिना बंद होतं आणि त्याचं घर त्याच गाडीवर चालायचं. इंजिन मी माझ्या खर्चानं उभं केलं. बुडालेला दीड महिना मात्र मला भरून देता आला नाही.

हेड खोललं तेव्हा दिसलं, गॅस्केट आधीपासूनच गेलेलं होतं. डिझेलला ठिणगी नसते. हवा १७ ते २२ पट दाबूनच ती डिझेल पेटण्याइतकी तापवावी लागते. गॅस्केट थोडं जरी फुटलं तरी तो दाब पाण्यात घुसतो. म्हणून रात्रभर उभ्या असलेल्या गार गाडीच्या झाकणातूनही फुस्स आवाज येत होता. निरीक्षण गिऱ्हाइकानं आणून दिलं होतं. मीच ते वहीत घेतलं नाही.

तेव्हापासून मी वही ठेवतो. पहिला रकाना: कधी तापते? बाजारात उभी राहिल्यावर तापते आणि रस्ता मोकळा मिळाला की निवते, तर हवा कमी पडतेय. फॅनबेल्ट सैल असेल, फॅनचा क्लच गेला असेल किंवा रेडिएटरच्या जाळीत चिखल बसला असेल. फक्त घाटात तापते, तर रेडिएटरच्या नळ्यांत बोअरच्या पाण्याचा क्षार, झिजलेली वॉटर बॉडी, अर्धाच उघडणारा थर्मोस्टॅट, नाहीतर गॅस्केट.

दुसरा रकाना: पाणी कुठं जातं? खाली गळतं, की गळती नसताना कमी होतं? तिसरा रकाना: गार इंजिनाचं झाकण काढून, गळ्यापर्यंत पाणी भरून गाडी चालू केली तर काय दिसतं? सुरुवातीचे चार बुडबुडे अडकलेल्या हवेचे असतात. ते थांबतच नसतील तर वायू आत येतोय. थर्मोस्टॅट आता मी फेकत नाही. पातेल्यात पाणी आणि थर्मोमीटर ठेवून तो उकळायला लावतो. त्यावर कोरलेल्या अंशाला, बहुधा ८० ते ९० च्या दरम्यान, तो उघडायला लागला पाहिजे. हाच प्रयोग बघून माझी बायको म्हणते, तुमची शाळा अजून सुटली नाही.

आणि रेडिएटरचं झाकण! बाईंनी प्रेशर कुकर शिकवला होता: दाब वाढला की उत्कलनबिंदू वाढतो. वातावरणाइतका आणखी दाब दिला, तर पाणी १०० ऐवजी सुमारे १२० अंशांना उकळतं. झाकणाची स्प्रिंग ढिली पडली की तो फायदा गेला. म्हणून मी आता सगळ्यात स्वस्त वस्तू सगळ्यात आधी तपासतो.

चौथा रकाना अनुमानाचा. तो पहिले तीन भरल्याशिवाय माझ्या पोरांना भरू देत नाही.

जुनी डिझेल गाडी घेऊन जे आलेत त्यांना एवढंच सांगतो: काटा चढला तर गाडी बाजूला घ्या, बंद करा. गरम झाकण उघडू नका, तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतू नका. आणि चढलेला काटा आपोआप खाली आला तर त्यावर विश्वास ठेवू नका, गाडी थंड झाल्यावर पाणी बघा.

सर, ती वही मी आज बरोबर आणली आहे. जेवणं झाल्यावर जरा तपासाल का? लाल पेनही आणलं आहे.