एका शब्दाची किंमत

(गणेशोत्सवातील स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



मुलांना इंग्रजी शब्दसंग्रहाविषयी दोन शब्द सांगा, असं कार्यकारिणीने सुचवलं, तेव्हा मी आधी नाहीच म्हटलं. मी रुळांची देखभाल करणारा डिप्लोमा इंजिनियर, दहावीपर्यंत मराठी माध्यम. पण एका इंग्रजी नामाने माझ्या हातून मोठी चूक करवली. ती सांगण्यासारखी आहे, म्हणून उभा राहिलो.

कोलकात्यात नवीन आलो तेव्हा एका बंगाली सहकाऱ्याकडे क्वार्टरसाठी शब्द टाकला. ते म्हणाले, "चेष्टा कोरबो." मला वाटलं, हा गृहस्थ तोंडावर माझी चेष्टा करणार म्हणतो! नंतर कळलं, ते बिचारे प्रयत्न करीन म्हणत होते. इथे 'शिक्षा' म्हणजे शिक्षण, आपल्याकडे दंड. (आमच्या शाळेत दोन्हींत फारसा फरक नव्हता, ही गोष्ट वेगळी!) शब्द तोच, पण अर्थ वाक्यात आणि व्यवहारात कळतो.

इंग्रजीच्या बाबतीत मात्र मी हे विसरलो. खात्याच्या परीक्षेसाठी पाचशे अवघड नामं पाठ केली होती. एक इंग्रजी शब्द, समोर एक मराठी. 'नेग्लिजन्स' म्हणजे दुर्लक्ष, 'ओव्हरसाइट' म्हणजे देखरेख. परीक्षा पास झालो.

पुढे आमच्या एका चावीवाल्याने रुळाचा सैल झालेला बोल्ट घट्ट केला, पण डायरीत नोंद करायची राहून गेली. तपासणीत ते निघालं आणि मला अहवाल द्यावा लागला. जरा दुर्लक्ष झालं, एवढंच माझ्या मनात होतं. मी लिहिलं, 'नेग्लिजन्स'. त्याला आरोपपत्र मिळालं. तो कागद घेऊन माझ्याकडेच आला, "बाबू, कागजे की लेखा आछे?" वाचून दाखवताना माझ्या घशाला कोरड पडली. शब्द माझाच होता, तसं त्याला सांगितलं.

एका वरिष्ठांनी मला समजावलं. जी काळजी घेणं आपलं कर्तव्य, ती न घेणं म्हणजे 'नेग्लिजन्स'. हेतू नसताना नजरेतून निसटणं म्हणजे 'ओव्हरसाइट'. सैल बोल्ट दिसूनही पुढे निघून गेला, तर पहिला शब्द. बोल्ट घट्ट केला, पण लिहायला विसरला, तर दुसरा. माझ्या वहीत दुसऱ्या शब्दापुढे देखरेख लिहिलं होतं. तोही अर्थ खराच, पण अर्धाच. मी लेखी खुलासा दिला, आणि ताकीद देऊन प्रकरण मिटलं. पण ते दोन महिने त्याच्या घरी चूल कशी पेटली असेल, हे आठवलं की आजही झोप उडते.

तेव्हापासून वहीत एकाऐवजी तीन रकाने केले: इंग्रजीतली व्याख्या, वाचनात आलेलं वाक्य, आणि स्वतःच्या कामातलं स्वतः रचलेलं वाक्य. तिसरं वाक्य जमेपर्यंत शब्द आला असं मानत नाही. 'सँक्शन' म्हणजे मंजुरी, पण एखाद्या देशावर लादले जातात ते निर्बंधही! व्याख्या तर आमच्या रोजच्या कामातच आहेत. रेल्वेच्या १९७६च्या जनरल रूल्सचा आरंभच व्याख्यांनी होतो. 'ऑब्स्ट्रक्शन' म्हणजे मला रुळावरचा दगड किंवा झाड वाटे. नियमात मात्र गाडीला धोकादायक अशी कोणतीही स्थिती त्यात येते. म्हणजे तुटलेला रूळसुद्धा! इथे अर्धा अर्थ जिवावर बेतेल.

मराठी माणसाच्या इंग्रजीचं या भूमीशी जुनं नातं आहे. विल्यम केरी यांचं मराठी व्याकरण १८०५ साली आणि मराठी-इंग्रजी कोश १८१० साली निघाला, तो आपल्या हुगळीकाठच्या श्रीरामपूरहून. त्यांना साहाय्य पंडित वैजनाथ यांचं. पुढे १८३१ साली मुंबईत मोल्सवर्थ यांचा कोश आला. त्यात शब्दाबरोबर त्याचा वापरही दाखवलेला आढळतो. आपण शब्द उचलले आणि वापर मागे ठेवला.

मुलांनो, पाचशे शब्द पाठ करू नका. रोज एकच घ्या, पण त्याचं वाक्य स्वतः करा. आणि कुणाबद्दल लिहिताना शब्द दोनदा तपासा. तो वाचता न येणारा माणूस आपल्या भरवशावर असतो.

विद्येच्या देवतेसमोर याहून काय मागू? गणपती बाप्पा मोरया!