मेणवलीची घंटा : गोष्टीचा दुसरा अर्धा भाग
(माजी विद्यार्थी मेळाव्यात केलेले भाषण)



आज सकाळी शिपाईमामांनी मुद्दाम ती जुनी घंटा दिली आणि काय झालं ते तुम्ही पाहिलंत. पोटं सुटलेले, केस पिकलेले आपण सगळे चहाचे कप तसेच ठेवून रांगेत जाऊन उभे राहिलो. कुणी सांगितलं नव्हतं. शाळेच्या दप्तरात ही घंटा 'नग एक' अशी लिहिलेली असेल, पण तिचा आवाज आला की तीस वर्षांनीही आपले पाय हलतात.

संयोजकांनी मला 'माहिती तंत्रज्ञानातील संधी' असा विषय दिला होता. तो मी परस्पर बदलते आहे. संधींबद्दल आपली मुलंच आपल्याला जास्त सांगतील. मला आज एका घंटेबद्दल बोलायचं आहे. ती आपण सगळ्यांनी पाहिली आहे.

सातवीची सहल आठवते का? वाईहून मेणवलीपर्यंत चालत गेलो होतो. बाईंनी डबे सांभाळले होते आणि इतिहासाचे सर पुढे होते. नाना फडणवीसांचा वाडा पाहिला, मागच्या दाराने घाटावर उतरलो, आणि तिथे मेणेश्वराजवळच्या लहानशा दगडी घुमटीत ती पंचधातूची भली मोठी घंटा. तिच्यावर १७०७ हा आकडा आणि कडेवर मूल घेतलेली एक बाई. कुणीतरी विचारलं, "सर, ही कुठली देवी?" सर म्हणाले, "मेरी माता. वसईच्या चर्चची घंटा आहे ही. चिमाजी अप्पांनी जिंकून आणली." आपण टाळ्या वाजवल्या. मग सगळ्यांचं लक्ष नदीकडे गेलं.

पुढे २००४ मध्ये 'स्वदेस' आला तेव्हा ऑफिसात मी ज्याला त्याला सांगत सुटले होते, "तो घाट आमचा. तिथली घंटा आमची." 'आमची' हा शब्द किती सहज तोंडात येतो!

त्या शब्दावर मी पहिल्यांदा अडखळले ते २०१८ च्या डिसेंबरमध्ये. माझ्या टीममधली एक मुलगी मनिलात बसते. मूळची समार बेटावरची. आमचं मोठं काम अंतिम टप्प्यात होतं आणि तिने चार दिवसांची रजा टाकली. कारणाच्या रकान्यात लिहिलं होतं, "आमच्या घंटा घरी येत आहेत." मला वाटलं काहीतरी टायपिंगची चूक आहे. फोन केला, तर तिने तासभर मला जे सांगितलं ते मी नंतर शोधून, वाचून, पडताळून पाहिलं. थोडक्यात सांगते.

स्पेनने १८९८ मध्ये फिलिपाईन्स अमेरिकेच्या हवाली केलं. फिलिपिनो लोकांना स्वातंत्र्य हवं होतं, त्यामुळे युद्ध पेटलं. १९०१ मध्ये समार बेटावरच्या बालांगिगा या गावात अमेरिकेच्या नवव्या पायदळ रेजिमेंटची एक तुकडी येऊन राहिली. गावातल्या पुरुषांना पकडून वेठीला जुंपलं, तंबूंत कोंडलं, घरातला तांदूळ नष्ट केला. २८ सप्टेंबरच्या सकाळी सैनिक न्याहारीला बसलेले असताना चर्चची घंटा वाजली आणि गावकरी कोयते घेऊन तुटून पडले. ४८ अमेरिकन सैनिक मारले गेले.

त्यानंतरचा सूड भयंकर होता. जनरल जेकब स्मिथने हुकूम दिला की शस्त्र धरू शकेल अशा दहा वर्षांवरच्या प्रत्येकाला मारा आणि समारचं ओसाड रान करा. पुढे त्याचं कोर्ट मार्शल झालं, पण शिक्षा काय, तर कानउघाडणी आणि सक्तीची निवृत्ती. गाव जाळलं, चर्च जाळलं आणि चर्चच्या तीन घंटा सैनिकांनी नेल्या. दोन थेट अमेरिकेत, वायोमिंग राज्यातल्या शायेन इथल्या लष्करी तळावर गेल्या. तिसरी, सगळ्यांत लहान, नवव्या रेजिमेंटने स्वतःकडे ठेवली आणि ती शेवटी दक्षिण कोरियातल्या त्यांच्या तळावर पोचली.

आता यातली मला सर्वांत टोचलेली गोष्ट. चर्च, रुग्णालय, शाळा यांची मालमत्ता शत्रूची सरकारी मालमत्ता समजून जप्त करायची नाही, असा नियम खुद्द अमेरिकन लष्कराने १८६३ मध्येच केला होता. तो लिंकनच्या काळातला, यादवी युद्धातला. म्हणजे नेणाऱ्यांनी स्वतःचाच नियम मोडला होता.

गावाने घंटा विसरल्या नाहीत. १९५० च्या दशकात होरासिओ दे ला कोस्ता या जेझुइट इतिहासकाराने अमेरिकन हवाई दलाला पत्र लिहून त्यांची चौकशी केली. घंटांची ओळख घंटांवरच कोरलेली होती. एकीवर संत फ्रान्सिसचं नाव आणि १८५३, दुसरीवर त्या वेळच्या धर्मगुरूंचं नाव, १८८९ आणि 'ही पुन्हा ओतली' असा उल्लेख. नव्वदच्या दशकात राष्ट्राध्यक्ष फिडेल रामोस यांनी तोडगा सुचवला की एक मूळ घंटा तुम्ही ठेवा, एक आम्हाला द्या, आणि दोघेही एकेक प्रतिकृती करून जोडी पुरी करू. तेही जमलं नाही.

का जमलं नाही? कारण शायेनमध्ये त्या घंटा म्हणजे मेलेल्या ४८ सैनिकांचं स्मारक होत्या. माजी सैनिक म्हणत, आमच्या पोरांच्या आठवणीला हात लावू नका. मी आधी त्यांच्यावर चिडले होते. नंतर विचार केला, ती पोरंही कुणाची तरी होतीच. दोन्हीकडे दुःख खरं होतं. त्यात अमेरिकेत असा कायदाही झाला की संसदेच्या खास परवानगीशिवाय असं स्मारक परदेशाला देता येणार नाही. मार्ग निघायला कितीतरी वर्षं गेली. हळूहळू काही माजी सैनिकच म्हणू लागले की द्या परत. कायद्यात वाट निघाली. नोव्हेंबर २०१८ मध्ये संरक्षणमंत्री जेम्स मॅटिस स्वतः शायेनला गेले आणि घंटा निरोपल्या. ११ डिसेंबरला त्या विमानाने मनिलात उतरल्या, १५ तारखेला बालांगिगात पोचल्या. ११७ वर्षांनी. दुसऱ्या दिवसापासून तिथे नाताळाआधीच्या पहाटेच्या प्रार्थना सुरू होतात. माझ्या मैत्रिणीने त्या पहाटेचा आवाज मला फोनवर पाठवला. मागे तिची आजी रडत होती.

तो आवाज ऐकला आणि मला मेणवली आठवली.

आमच्या कामात एखाद्या प्रोग्रॅमची प्रत्येक ओळ कुणी लिहिली, कुणी बदलली, कधी आणि का, याची नोंद राहते. शेवटचा हात लावणारा तिचा मालक ठरत नाही. बिघाड शोधायचा तर नोंदी उलट्या क्रमाने वाचत जायचं. तसंच मी मेणवलीच्या घंटेबद्दल केलं. वसई पडली मे १७३९ मध्ये. नाना फडणवीसांचा जन्म १७४२ चा. म्हणजे चिमाजी अप्पांनी वसई घेतली आणि घंटा नानांच्या मेणवलीत आणली, इतकं सरळ ते नाही. नानांचा वाडा, घाट हे सगळं कितीतरी नंतरचं. मधली वर्षं ती दुसरीकडे असावी. शिवाय ती एकटी नाही. नाशिकला गोदाकाठी नारोशंकराच्या देवळावर १७२१ सालची घंटा आहे, भीमाशंकरलाही एक आहे. वसईच्या विजयाच्या खुणा अशा देवळादेवळांत वाटल्या गेल्या.

आता माझ्या मैत्रिणीच्या हिशेबाने विचारायचं तर, ही कुणाची?

सोपं उत्तर आहे, पोर्तुगीजांची, आणि ते तर गेले. त्यांनी इथे देवळं पाडली होती, हेही सरांनी शिकवलं होतं आणि ते खरंच आहे. तहानंतर त्यांचं सैन्य मानाने वसई सोडून गेलं. पण नोंदी आणखी मागे वाचल्या की लक्षात येतं, घंटा ऐकणारे सगळे कुठे गेले? ते तर इथेच राहिले. वसईतले ख्रिस्ती शेतकरी, बागाईतदार, कोळी. आपल्यासारखेच मराठी. त्यांच्या बारशाला, लग्नाला, मयताला जी वाजायची ती घंटा एका वर्षी थांबली. आपल्या पुस्तकात पोर्तुगीज होते, मराठे होते, पण हे लोक नव्हते.

हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही. माझ्या ऑफिसातली एक मैत्रीण वसईची आहे. दोन वर्षांपूर्वी तिच्या वडिलांना घेऊन ती महाबळेश्वरला निघाली होती. मी म्हटलं, वाटेत थांबा, मी मेणवली दाखवते. खरं सांगते, मी जरा धास्तावले होते. आपल्या वस्तूकडे कुणी 'ही आमची' म्हणून बघेल की काय, अशी. काका पंचाहत्तरीचे. घाटाच्या पायऱ्या धरून धरून उतरले. चपला काढल्या. घंटेसमोर बराच वेळ उभे राहिले, छातीवर क्रूस केला, आणि त्यांच्या सामवेदी बोलीत लेकीला काहीतरी म्हणाले. मी विचारलं, काय म्हणाले? ती म्हणाली, "पप्पा म्हणतात, बरी ठेवलीय. आमच्याकडे असती आणि तडा गेला असता, तर आम्हीही वितळवून नवी केली असती."

नदीवरून आलेल्या एक मावशी तिथे थांबल्या होत्या. त्यांनी आधी मेणेश्वराला आणि मग घंटेला हात जोडले, मेरीमातेसकट. त्या रोज जोडत असणार. तेही एक प्रकारे सांभाळणंच आहे.

वर चढताना काकांनी मला विचारलं, "तुमच्या शाळेत हिच्याबद्दल काय शिकवतात?"

मी म्हटलं, "विजयाची निशाणी." पुढे मला काही सुचेना. काका नुसतं "बरं" म्हणाले. तो 'बरं' अजून माझ्या कानात आहे.

मित्रांनो, बालांगिगाचा न्याय जसाच्या तसा इथे लावता येणार नाही. तिथे गाव तेच, चर्च त्याच जागी, घंटेवर त्यांच्याच धर्मगुरूंचं नाव, आणि मागणारे लोक कधी मागायचे थांबले नव्हते. इथे वसईच्या किल्ल्यातच फ्रान्सिस्कन, जेझुइट, डॉमिनिकन अशी वेगवेगळी चर्च होती आणि आज त्यांच्या बहुतेक भिंतीच उरल्या आहेत. शिवाय कितीतरी पिढ्या ती आपल्या घाटावर पूजेत आहे. ती उचलून द्या असं मी म्हणत नाही, आणि काकाही म्हणाले नाहीत. पण वस्तू आपल्याकडे असली तरी तिची गोष्ट आपल्या एकट्याची होत नाही. ती पुरी सांगणं हे ठेवून घेणाऱ्याचं काम आहे. सरांनी आपल्याला त्यांच्या वेळी जी माहीत होती ती अर्धी सांगितली. सर, रागावू नका, उरलेली अर्धी शोधायची सवयही तुम्हीच लावलीत.

म्हणून माझी एक साधी सूचना आहे. या मेळाव्यासाठी आपण जो निधी जमवला, त्यातून मुख्याध्यापकांच्या दालनाला एसी बसवायचा विचार चालला होता. मुख्याध्यापकांची क्षमा मागून म्हणते, त्याऐवजी एक बस करूया. आपल्या शाळेच्या सातवीची सहल एका वर्षी वसईला जाऊ दे. मुलांनी तो किल्ला बघावा, ती मोडकी चर्च बघावीत, तिथल्या मुलांबरोबर डबा खावा. पुढच्या वर्षी तिथली मुलं मेणवलीला येतील. आपल्या पोरांनीच त्यांना घाटावर न्यावं आणि सांगावं की ही तुमच्या पणज्यांच्या पणज्यांनी ऐकलेली घंटा, आमच्या पणज्यांनी जपलेली. काकांशी बोलले आहे. तिथल्या शाळेत ते स्वतः शिक्षक होते, ते तिकडची बाजू बघतो म्हणाले.

ज्यांना मान्य आहे त्यांनी जेवणाआधी माझ्याकडे नाव द्या. ज्यांना नाही त्यांनी जेवताना माझ्याशी भांडा.

मामा, आता घंटा द्या. सगळ्यांना भूक लागली आहे.